तारेखालची ओल

वैशाखातलं कोरडं वारं सुटलं की मी कुठल्याही लोखंडी वस्तूला तळहाताने हात लावत नाही. आधी बोटाचा मागचा सांधा टेकवते, मग मूठ धरते. कपाट असो, फ्रिज असो, गच्चीचा कठडा असो. सून हसते. "आई, कपाट चावतं का तुम्हाला?" म्हणते. परवा ती नायलॉनची साडी नेसून घाईघाईने कपाट उघडायला गेली आणि हात झटकत मागे सरली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. "चावलं ना?" एवढंच म्हटलं आणि पोळ्या लाटायला लागले.

ही सवय माझ्या वडिलांची, नानांची. नाना जळगावला तारमास्तर होते. सगळी नोकरी कडकट्ट कडकट्ट करण्यात गेली. तळहाताने धरलेल्या वस्तूचा झटका बसला तर मूठ आवळली जाते, सांध्याने लावलं तर हात आपसूक मागे येतो, हे त्यांनी मला बाराखडीच्या आधी शिकवलं असावं. बाराखडीनंतर लगेच मोर्स शिकवलं. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे मला वाटायचं सगळ्याच मुली वडिलांशी जेवणाच्या ताटावर बोट वाजवून बोलतात. वरण पाहिजे, मीठ कमी आहे, वगैरे.

निवृत्त झाल्यावर नानांनी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं. घराच्या छपरावर लांब तार, टेबलावर स्वतः जोडलेले सेट, आणि संध्याकाळी कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी माणसांशी ठिपक्यारेघांतून गप्पा. धुळ्याच्या कॉलेजातले एक डेमॉन्स्ट्रेटर दर रविवारी एस.टी.ने त्यांच्याकडे मोर्स शिकायला यायचे आणि माझ्या हातचे पोहे खाऊन जायचे. मोर्स त्यांना सहा महिन्यांत आलं. पोहे दोन वर्षं चालले. मग नानांनी एके दिवशी विचारून टाकलं आणि मी धुळ्याच्या देवपुरात आले.

माझ्याबरोबर एक सेट आला. नानांनी तो माझ्यासाठी जोडला होता. सगळे काचेचे व्हॉल्व्ह, फक्त तार जिथे सेटात शिरते तिथे पहिल्याच जागी एक ट्रान्झिस्टर, हरभऱ्याएवढा. कुणाकुणाला सांगून मुंबईहून मागवलेला. "व्हॉल्व्ह एखादा झटका सोसतो," नाना म्हणाले होते, "हा सोसत नाही. मरतो आणि मेला हेही सांगत नाही." लोकांना वाटतं सेट जळायला वीज पडावी लागते. नानांचं म्हणणं वेगळं. वीज पडायला ढग लागतो, तार भरायला नुसतं वारं पुरतं. कोरड्या वाऱ्यातली धूळ उघड्या तारेला घासत जाते आणि घासता घासता तारेत भार साठवत जाते. आभाळ स्वच्छ निळं असतं, माणूस निर्धास्त असतो, आणि तार भरलेली असते. खानदेशातला वैशाख म्हणजे असा. आषाढात सगळेच सावध असतात, घात होतो तो वैशाखात.

म्हणून लग्नानंतर पहिल्याच श्रावणात नाना देवपूरला आले आणि आमच्या मागच्या अंगणात स्वतः खड्डा खणून गेले. कमरेएवढा खोल. तळाशी तांब्याचा पत्रा, त्याच्यावर कोळसा आणि जाड मिठाचे थर, आणि पत्र्याला डाग देऊन जोडलेली जाड तार खिडकीतून आत. तिला आम्ही अर्थिंग म्हणायचो. खिडकीच्या चौकटीवर त्यांनी एका गॅरेजमधून आणलेला जीपचा जुना स्पार्क प्लग बसवला. त्याचं टोक अंगणातल्या निंबावरून येणाऱ्या रेडिओच्या तारेला आणि ती टांगायच्या हुकाला, अंग अर्थिंगला. तारेत जास्त भार झाला की तो सेटात न शिरता प्लगमधून उडी मारून जमिनीत जाणार. उडी मारताना टक् असा आवाज. वाऱ्याच्या दिवशी आमच्या खोलीत कुणी न विणता सुया वाजाव्यात तसं टक् टक् चालायचं. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की त्यावर मला झोप लागायची.

खड्डा बुजवताना नानांनी हातात माती घेऊन चुरगाळली. आमची जागा काळ्या मातीची. "ही जमीन लहरी आहे," ते म्हणाले. "पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. भेगाळली की पत्र्यापासून तार ओढून तोडेल. हिला रोज एक कळशी पाणी पाहिजे. बारा महिने. सेट वापरून झाला की तार काढून प्लगच्या हुकावर टांगायची, आणि अर्थिंग ओलं ठेवायचं. एवढं केलंस तर हा सेट तुला म्हातारपणापर्यंत पुरेल."

सासूबाई ओसरीवरून ऐकत होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. शिंदखेड्याकडच्या खेड्यातल्या, उंच, कडक, बोलणं सगळं अहिराणीत. नाना गेल्यावर मला म्हणाल्या, "तुना बाप जमीनले पानी पाजाले सांगी गया. आठे मानसेसले पेवाले पुरत नही." पण दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी त्यांनीच भरून दारात ठेवली होती.

आठवणीतला तो वैशाख त्र्याहत्तरचा. आदल्या वर्षी पाऊस फिरकलाच नव्हता. पांझरा नदी म्हणजे नुसती वाळू, आणि वाळूत खणलेले झिरे. बाया पहाटेपासून झिऱ्याशी बसायच्या, वाटीवाटीने पाणी उपसायच्या. नळाला कधी तरी पाणी यायचं, येताना खूप हवा यायची आणि मग थोडं गढूळ काही तरी. खड्ड्याच्या कळशीचा तांब्या झाला.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात माझी परीक्षा. लायसन्सची. यांच्याकडे लायसन्स होतं, ते सेटवरून बोलू शकत. मला नुसतं ऐकायची मुभा. मला स्वतःच्या नावावर बोलायचं होतं. ज्येष्ठात मुंबईला परीक्षा होती, मोर्स घेण्याची आणि देण्याची. नाना रोज संध्याकाळी बरोबर सात वाजता जळगावहून पंधरा मिनिटं सराव पाठवायचे. पाच पाच अक्षरांचे अर्थहीन गट. मी कानाला हेडफोन लावून वहीत उतरवायची. अर्थ काही नसायचा, पण हात नानांचा असायचा. प्रत्येकाचा मोर्सचा हात वेगळा, अक्षरासारखा. नाना रेघ जरा लांब ओढायचे आणि ठिपका तुटक मारायचे. त्या पंधरा मिनिटांत मी जळगावच्या घरात असायची, ताटाच्या दुसऱ्या बाजूला.

एका दुपारी मी अक्कांना पाहिलं. त्या पाण्याच्या हंड्याजवळ गेल्या, झाकण उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं. मग लुगड्याचा पदर ओल्या फडक्याला लावून ओठ पुसले आणि बाहेर जाऊन बसल्या. कुणी बघतंय हे त्यांना माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तांब्या घेऊन मी खड्ड्याशी गेले आणि माझा हात वळेना. माणसाने ओठ पुसायचे आणि मी मिठाला आणि कोळशाला पाणी पाजायचं? मी थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि भरला तांब्या तसाच आणून गुपचूप हंड्यात ओतला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

सरळ सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, मग पाऊस पडेपर्यंत तार काढून ठेवू. माणूस शहाणा आणि सावध. तार काढली की सराव बंद, सराव बंद की परीक्षा गेली, आणि परीक्षा वर्षातून कितीदा मिळणार? माझा स्वभाव तेव्हाही हट्टीच. मी दया एका हाताने केली आणि लबाडी दुसऱ्या हाताने. हे मला आज नीट मांडता येतं. तेव्हा येत नव्हतं.

दर रविवारी हे नानांशी सेटवरून बोलायचे. बोलणं झालं की नाना शेवटी एकच विचारायचे, जमीन ओली आहे का. हे खुर्चीतूनच मान वळवून मला विचारायचे, "अगं, अर्थिंगला पाणी घालतेस ना?" मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "हो." यांची बोटं चालायची. ओली आहे. जळगावला माझं खोटं तारेवरून पोचायचं, यांच्या सज्जन हाताने. असे दोन रविवार गेले. मग हे पेपर तपासायला पुण्याला गेले आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. दिवाळी चुकली तर चालेल. भाऊ मुराळी होऊन जातो आणि बहिणीला घेऊन येतो. गल्लीत दर दोन घरांआड निंबाला झोका, झोक्यावर माहेरवाशिणी, गौराईची गाणी. माझी नणंद इंदू शिंदखेड्याहून तान्ही घेऊन आली. मला भाऊ नाही, आई नाही, मुराळी कोण येणार? पण दोन वर्षं आखाजीच्या संध्याकाळी सात वाजता नाना अर्थहीन गट पाठवायचे नाहीत, नीट वाक्यं पाठवायचे. आंबे उतरले. तुझ्या जुईला पाणी घातलं. शेजारच्या काकूंनी तुझी आठवण काढली. सरकारी नियमात बसत होतं की नाही कुणास ठाऊक. सरावाचाच मजकूर तो, असं नाना म्हणायचे. इंदूला झोका होता, मला ती पंधरा मिनिटं. मी त्या दिवशी सकाळपासून सातची वाट पाहत होते.

सकाळी अक्कांनी पितरांच्या नावाने घागर भरली. मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज. चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी, पितरांचा घास, टाकली. घागर काठोकाठ भरताना त्यांचा हात थबकला नाही. पितरांना कमी पाणी देणारी बाई ती नव्हती. मी मात्र मनात मोजत होते, हंड्यात आता किती उरलं. तळाशी चार बोटं. पुढचं पाणी कधी, कुणालाच माहीत नाही. तान्ही घरात.

दुपारी चारला वारं सुटलं. पश्चिमेकडून आलं ते नदीची सगळी वाळू उचलून आलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही, पण ऊन पिवळं पडलं, मग तांबूस. इंदू झोक्यावरून उतरून आत आली. अक्का दारं लावत पुटपुटल्या, "बठ्ठी धुय घरमा उनी." निंबाची फांदी वरखाली होत होती आणि तिच्यावरची तार घूं घूं वाजत होती. मी खोलीत येऊन बसले. साडेसहा झाले होते. काही तरी चुकतंय असं वाटत होतं, काय ते कळेना.

मग कळलं. प्लग वाजत नव्हता.

एवढ्या वाऱ्यात तो खरं तर थांबायलाच नको होता. तार नेहमीसारखी प्लगच्या हुकावर टांगलेली होती. मी तर्जनीचा सांधा हुकाजवळ नेला. टेकवला नव्हता, नुसता नेला, आणि वीतभर नाही पण चांगली दोन बोटं लांब निळी ठिणगी फट्दिशी सांध्यावर बसली. कोपरापर्यंत हात बधिर झाला. मी खाली बसले. हुकामागे प्लग, प्लगमागे जमीन. प्लगमधून रिकामी होणाऱ्या तारेत एवढा भार साठायला नको. साठला आहे याचा अर्थ प्लगमागे जमीन उरलेलीच नाही. सगळी तार, हुक, सेटचा पत्रा, सगळं भरलेलं, आणि जायला वाट नाही.

मी मागच्या अंगणात धावले. खड्ड्यावरची फरशी उचलली. माती दुभंगली होती. माझा पंजा सहज आत गेला, मनगटापर्यंत. बोटांना कोरडा कोळसा लागला, आणि जाड तारेचं टोक. मोकळं. पत्र्यापासून ओढून तुटलेलं, भेगेत लोंबकळणारं. नानांनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

सातला पंचवीस मिनिटं. तार अशीच उचलून सेटला लावली तर हरभऱ्याएवढा तो जीव त्या क्षणी जाणार, आणि मुंबईहून दुसरा येईपर्यंत परीक्षा होऊन जाणार. न लावली तर नाना तिकडे माहेर पाठवणार आणि इकडे ते घ्यायला कुणी नसणार. मला रडू येईना, राग येत होता. वाऱ्याचा, मातीचा, पुण्याला गेलेल्या यांचा. स्वतःचा राग यायला थोडा वेळ लागला.

अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय जायं वं?"

मी सांगून टाकलं. तांब्या घेऊन जायची आणि परत हंड्यात ओतायची, ते सगळं. पंधरा दिवसांचं. मान वर केली नाही. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून अंग चोरून बसले.

अक्कांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी पंधरा दिन चहा पेनू नही. तुनी जमीनले पानी पाहिजे म्हनीसन."

मला आठवलं, उन्हाळ्यात चहा बाधतो असं त्या म्हणायला लागल्या होत्या. मी ते खरं धरलं होतं. मी त्यांच्यासाठी पाणी वाचवत होते, त्या माझ्या जमिनीसाठी वाचवत होत्या, आणि दोघींचं वाचलेलं पाणी त्याच हंड्यात जाऊन घरात सगळ्यांचं पिऊन होत होतं. त्या वेळी हसायला आलं नाही. आता येतं, आणि मग डोळे पुसावे लागतात.

अक्का आत गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. परत आल्या त्या दोन्ही हातांत पितरांची घागर घेऊन. डांगर आणि मडकं काढून ठेवलेलं. मी उठून आडवी आले. "अक्का, हे नको. पितरांचं आहे."

"पितरेसनी पी लिधं," त्या म्हणाल्या. "सकायपासून पी ऱ्हायनात. आते तुनी जमीनले पाज. सरक."

आणि त्यांनी घागर वाकवली. पाणी भेगेत गेलं, पहिल्यांदा तर गेलं ते गेलंच, आवाजही आला नाही. मग बुडबुडे आले. कोळशातून मिठाचं काळं पाणी वर आलं, भेगेच्या कडा ढासळल्या, तुटक्या तारेचं टोक त्या चिखलात बुडालं. मी हाताने माती दाबली. अक्का घागर उपडी धरून शेवटचे थेंब झटकत होत्या, आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

टक्.

मग टक् टक् टक्, दम लागलेल्या माणसासारखं एकामागून एक. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा. "जाय," त्या म्हणाल्या. "तुना बाप वाट दखी ऱ्हायना व्हई."

सातला दोन मिनिटं असताना मी सांध्याने हुक चाचपला. शांत. तार उचलून सेटला लावली. हेडफोनमध्ये तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर, पण सेट जिवंत होता. मी पेन्सिल धरली. सात वाजले. सात वाजून एक. दोन. चरचरीच्या मागे कुठे तरी लांब ओढलेली रेघ असेल म्हणून मी श्वास धरून ऐकत होते. पाच मिनिटं. दहा. वही कोरी. सव्वासातला मी तार काढून हुकावर टांगली आणि तशीच बसून राहिले. दारात अक्का उभ्या होत्या, पदराला हात पुसत. "काय म्हने?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

नानांची सात वाजताची वेळ मी सेट घेऊन आले तेव्हापासून एकदाही चुकली नव्हती. तापातही नाही. घरात ते एकटे. पडले असतील, पाय घसरला असेल, किंवा त्यांच्या छपरावरची तार त्याच वाऱ्यात, भरलेली, आणि हात लावताना सांध्याऐवजी तळहात लागला असेल. त्यांना तळहात लागणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी रात्रभर त्यांचा तळहातच बघत राहिले. सकाळी अक्कांनी सांजोऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. "मुराई नही ते नही. जाय आपली आपली. उशीर व्हई ते मुक्काम कर."

एस.टी.ने पारोळा, एरंडोल. त्या रस्त्याने मी नंतर शंभरदा गेले असेन, पण त्या दिवसाइतका तो कधी लांब नव्हता. धूळ येते म्हणून गाडीच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या, आत माणसं घामाने भिजलेली, आणि मी मांडीवरच्या फडक्यावर बोटाने वाजवत होते. काय वाजवत होते ते माझ्या लक्षात एरंडोल गेल्यावर आलं. ओली आहे, ओली आहे.

जळगावला घराचं फाटक उघडं होतं. नाना गंजीफ्रॉकवर, मागच्या बाजूला, डालड्याच्या डब्याने आपल्या खड्ड्याला पाणी घालत होते. मला पाहून त्यांनी डबा खाली ठेवला. "आलीस?" म्हणाले, जसं काही मी बाजारातून आले.

माझ्या तोंडातून निघालं ते भांडण. "काल का नाही पाठवलंत? मी तार लावून बसले होते! तुम्हाला काही झालं असेल म्हणून मी रात्रभर..."

"लावलीस?" नानांचा चेहरा एकदम उतरला. "सेट?"

"सेट ठीक आहे. अक्कांनी पाणी घातलं."

त्यांनी ओट्यावर बसून घेतलं. मलाही बसायची खूण केली. "दोन रविवार जावईबापूंचा आवाज घरघरत येत होता," ते म्हणाले. "सूर स्वच्छ नाही, जोरही कमी. जमीन कोरडी पडली की तारेचा सूर असाच बिघडतो. तीस वर्षं हेच ऐकलं मी. म्हणून विचारलं, जमीन ओली आहे का. तर तू ओली म्हणालीस."

मी मांडीवरचं फडकं सोडून परत बांधलं.

"आता लेक म्हणते ओली, तार म्हणते कोरडी. कुणाचं ऐकायचं? वारं नव्हतं तोवर तुझं ऐकलं. काल वारं सुटलं, तेव्हा तारेचं ऐकलं. म्हटलं, पाठवलं तर ही आखाजीचं ऐकायला तार लावून बसणार. नाही पाठवलं तर दोन मिनिटांत कंटाळून काढून ठेवील. वाऱ्यात तार जितकी कमी वेळ सेटला, तितकं बरं." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "सात ते सव्वासात मी टेबलाशीच होतो. हात मोर्सच्या किल्लीवर होता. दाबली नाही."

मी रडले. ओट्यावर बसून, लहान पोरीसारखी, नाक ओढत. नानांनी मला थोपटलं वगैरे नाही, त्यांना ते जमायचं नाही. त्यांनी ओट्याच्या फरशीवर बोट वाजवलं. आंबे उतरले. तुझ्या जुईला पाणी घातलं. मी तिथल्या तिथे, न लिहिता, ते घेतलं.

परत निघताना त्यांनी डाग द्यायचं सामान घेतलं आणि माझ्याबरोबर आले, तुटलेली तार जोडायला. सोबत चहाचा एक पुडा होता. तो त्यांनी अक्कांच्या समोर ठेवला आणि हात जोडले. अक्कांनी पुडा उचलला, वास घेतला, आणि चुलीवर आधण ठेवलं. त्या संध्याकाळी त्या दोन कप प्यायल्या. ज्येष्ठात मी परीक्षा दिली आणि पास झाले. तो हरभऱ्याएवढा ट्रान्झिस्टर पुढे किती तरी वर्षं चालला. पण ती सगळी पुढची गोष्ट, आणि वैशाखात मला ती आठवत नाही.

वैशाखात आठवतात त्या कळशीच्या संध्याकाळी. त्या आखाजीपासून खड्ड्याचं पाणी अक्कांनी स्वतःकडे घेतलं. माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नाही असं मी म्हणायची, त्या हसायच्या. पाऊस चांगला झाला, नळाला पाणी आलं, तरी संध्याकाळी साडेसहाला कळशी कमरेवर घेऊन त्या मागच्या दारी. मी सेटवर बसलेली, स्वतःच्या लायसन्सवर, स्वतःच्या हाताने. नाना शेवटी विचारायचे, जमीन ओली आहे का. मी खिडकीतून ओरडायची, "अक्का!" आणि बाहेरून यायचं, "सांग त्याले, वली शे."

मग एका पौषात नाना गेले. तेरावा करून मी देवपूरला परतले. त्या संध्याकाळी सेटवरचं फडकं काढलं नाही, नुसती खोलीत बसून होते. साडेसहा झाले आणि मागच्या दारी कळशीचा आवाज आला. मी बाहेर गेले. अक्का खड्ड्यावर वाकून, नेहमीसारख्या, घाई न करता धार धरून होत्या.

मी म्हटलं, "अक्का, राहू द्या आता. कोण विचारणार आहे?"

त्यांनी कळशी पूर्ण रिकामी होऊ दिली. मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या.

"इचारो नही ते नही इचारो," त्या म्हणाल्या. "आपुन एकदाव खोटं बोलनूत ना त्याले."

आपुन म्हणाल्या. खोटं मी एकटीच बोलले होते.